मोज्यातलं चुंबक, डबीतली टाचणी

२ सप्टेंबर, सोमवार

वहीबाई, तुला वाचणारा माणूस जगात एकच आहे, आणि तो आत्ता चष्मा शोधतो आहे. चष्मा नाकावर आहे. मी सांगणार नाही. बघू किती वेळ लागतो.

सापडला. अहो, 'सापडला' हेही लिहा.

मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि आमचे हे लिहितात. यांनी तेहतीस वर्षं टपाल वाटलं, एक पत्र चुकू दिलं नाही. निवृत्त झाले आणि सगळा विसराळूपणा एकदम वसूल करायला लागले. त्यामुळे मन मोकळं करायला याहून सुरक्षित जागा नाही. माझं गुपित यांच्याकडे ठेवलं की ते यांनाही सापडत नाही.

इस्पितळानं एक छापील कागद दिलाय. रोज दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. चौकट एवढीशी. तिच्यात आकडा मावतो, मी मावत नाही. म्हणून तू.

तर माझी हकिकत. गाठ काढली. केमो संपून चार महिने झाले. केस परत आले, तोंडाला चव परत आली. बोटं तेवढी आली नाहीत. कुणीतरी मला जाड हातमोजे घातलेत आणि काढायचे राहून गेलेत, असं वाटतं. पायात मोजे नसले तरी मोज्यात वाळू. आणि मध्येच टोचतं — हजार सुया एकदम. चाळीस वर्षं मी कापडाला सुया टोचल्या, आता सगळ्या मिळून परतफेड करताहेत.

मी कोटाची काजं करते. हातानं. शिंप्याच्या दुकानात खिडकीपाशी माझं स्टूल आहे. दुकानाचे मास्तर मला मावशी म्हणतात, म्हणून स्पष्ट बोलायला जड जातं त्यांना. तरी बोलले — "मावशी, काजाचं मशीन येतंय. उजेडाची जागा एकच आहे. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबतो."

सहा आठवडे. आज बटण हातातून चार वेळा पडलं. पाचव्यांदा पडलं ते मला कळलंच नाही. आकडा आठ.

४ सप्टेंबर, बुधवार

आज यंत्राची पहिली बैठक.

डॉक्टरीणबाई नातीच्या वयाच्या आहेत आणि मला आजी म्हणतात. त्यांनी समजावलं — केमोनं नसा दुखावल्यात, त्यांना चुंबकाच्या लहरींनी आराम पडतो का ते त्या तपासताहेत. पडतो म्हणून सांगत नाहीत हं, तपासताहेत. आराम खुर्ची, पायाखाली गादी, हाताखाली दोन उशा, बाजूला पेटी, तिच्या वायरी गादीत आणि उशांत गेलेल्या. पेटीवर हिरवा दिवा. आठवड्यातून तीनदा, चाळीस मिनिटं.

"पण आजी, निम्म्या पेट्या खऱ्या आहेत आणि निम्म्यांत नुसता दिवा लागतो. कुठली कुठली ते मलाही माहीत नाही. पाकिटात बंद आहे."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही मला चाळीस मिनिटं दिव्यासमोर बसवणार?"

"कदाचित. तुमच्यानंतर येणाऱ्या बाईला काय सांगायचं, ते तुमच्यावरून ठरणार आहे."

हे बरं बोलल्या. मी अंगठा दिला. शाई लागली की नाही ते बोटाला कळेना, म्हणून दोनदा बुडवला. कागदावर माझा अंगठा वांग्याएवढा उमटला.

शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ. कुलपं दुरुस्त करतात, किल्ल्या घडवतात. त्यांच्याही हातांची जाण केमोनं गेलीय. बसल्या बसल्या मला म्हणाले, "माझं यंत्र चालू आहे. मला जाणवतं."

"काय जाणवतं?"

"चुंबकत्व."

"मग खिशातल्या किल्ल्या का उडत नाहीत?"

त्यांनी खिसा चाचपला. माझी पहिली बैठक छान झाली.

५ सप्टेंबर, गुरुवार

आकडा आठ. हे म्हणाले, "कालही आठच होता." यांना आठवलं! मला काळजी वाटायला लागली आहे.

९ सप्टेंबर, सोमवार

लेकीचा डबा आला. दर रविवारी ती तिकडून गाडीनं पाठवते, सोमवारी हे स्टँडवरून आणतात. सगळं सोललेलं. लसूण सोललेला, मटार सोललेले, फळांच्या फोडी केलेल्या. म्हणते, "आई, तुझ्या बोटांना त्रास नको." चांगली पोर आहे. पण डबा उघडला की मला पाळण्यातलं बाळ असल्यासारखं वाटतं. उद्या चावूनही पाठवेल.

इस्पितळात किल्लीवाल्यांना मटारचे चार दाणे दिले. म्हणाले, "हाताला लागत नाहीत हो, पण दिसायला हिरवे आहेत." मी म्हटलं, "तोंडात टाका, तिथं नसा चालू आहेत. आम्ही सगळे रोज ऐकतोच."

११ सप्टेंबर, बुधवार

आज सकाळी पाय मोज्यात घातला तर आत काहीतरी टणक. काढलं. फुलपाखरू. मग टोमॅटो. मग छोटी आगगाडी. आमच्या फ्रिजवरची चुंबकं!

"अहो, हे काय?"

"अगं, इस्पितळात चाळीस मिनिटंच देतात. घरीही चालू राहावं म्हणून."

लिहा, अहो, लाजू नका. एकेका मोज्यात सात. टाचेखाली आगगाडी घेऊन मी स्वयंपाकघरात गेले, तर खाली पडलेला चमचा पायाला चिकटून आला. मी चालते आणि चमचा माझ्यामागं टणटण. यांना एवढा आनंद झाला की यंत्र खरं असल्यासारखे टाळ्या वाजवायला लागले.

काढून ठेवा म्हणणार होते. तोंड बघितलं यांचं. राहू दे.

पण एक गोष्ट. ती चुंबकं फ्रिजवर यांच्या चिठ्ठ्या धरून होती — गॅस, गोळ्या, स्टँड, कुणाला काय सांगायचं ते. चुंबकं माझ्या पायात आल्यावर चिठ्ठ्या उघड्यावर पडल्या. आज दोनदा दूध आणलं आणि एकदा शेजाऱ्यांचं बिल भरायला निघाले.

१६ सप्टेंबर, सोमवार

आकडा सात. किल्लीवाल्यांचा नऊ. म्हणतात, "चालू यंत्र आधी वाढवतं, मग कमी करतं." या माणसाकडे प्रत्येक कुलपाला किल्ली आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

वहीबाई, आज मी एक उद्योग केला.

अर्ध्यावर आले आणि मला राहवेना. चालू की बंद? चुंबक म्हणजे लोखंड हलणार. मी घरून टाचणी नेली होती, ब्लाऊजला टोचून. तिच्या डोक्याला दोरा बांधायचा, पेटीच्या उशीवर धरायची. हलली तर खरं यंत्र.

दोरा बांधायला पंधरा मिनिटं. माझी बोटं बधिर, किल्लीवाल्यांची बोटं बधिर. चार हात आणि एक गाठ.

"धरलीत का?"

"धरली असावी."

"असावी म्हणजे?"

"बाई, तुम्ही बघा आणि मला सांगा, मी धरली आहे का."

टाचणी त्यांच्या मांडीवर दोनदा पडली. दुसऱ्यांदा कळलं, कारण मांडीच्या नसा शाबूत आहेत. सिस्टर आत डोकावली. "काय चाललंय?" मी म्हटलं, "विणकाम."

शेवटी गाठ बसली. माझ्या उशीवर टाचणी धरली. दोघांनी श्वास रोखले. टाचणी आपली सरळ. ना थरथर, ना काही. खोटं बोलत नाही, पाच मिनिटं धरली.

मग किल्लीवाल्यांनी कुलूप उघडायचा आपला आकडा काढला, माझ्या दोऱ्याला अडकवला, त्यांच्या उशीवर धरला. थरथरायला लागला! डासासारखा.

त्यांनी आकडा खाली घेतला. एवढे दिवस बढाई मारली आणि आज खरी ठरली, तर चेहरा असा केला की जणू माझं काहीतरी चोरलंय.

मी म्हटलं, "अभिनंदन. मी दिव्यासमोर बसले होते."

२१ सप्टेंबर, शनिवार

यांच्याकडून चिठ्ठी लिहवून घेतली. 'मास्तर, माझ्या स्टुलाची वाट बघू नका. खिडकीत मशीन लावा. — मावशी.' म्हटलं, "आज दुकानात नेऊन द्या."

संध्याकाळी विचारलं, "पोचवलीत?"

"हो हो."

"काय म्हणाले?"

हे थोडा वेळ विचारात पडले. "काही नाही म्हणाले."

चाळीस वर्षं. एक शब्द नाही. चहा घ्या असंही नाही. असो. आकडा लिहायचा नाही आज.

२३ सप्टेंबर, सोमवार

तरी गेले. अंगठा दिलाय. शिवाय खुर्ची चांगली आहे आणि भांडायला माणूस आहे.

किल्लीवाले वाटच बघत होते. सिस्टर बाहेर गेल्याबरोबर उठले. "बाई, या. माझ्या खुर्चीत बसा. माझं दुकान जावई बघतो. तुमचं स्टूल कोण बघणार?"

"स्टूल दिलं मी."

"परत मागा. पाय टाका इथं, लवकर."

वहीबाई, मी बसले. त्यांची खुर्ची कोमट होती. हात उशीवर ठेवले. आणि समोर भिंतीवर काही नसताना मला ती बाई दिसायला लागली — माझ्यानंतर येणारी. तिला माझ्यावरून सांगणार आहेत. तीही कुठंतरी बटण पाडत असेल.

उठले. "घ्या तुमची खुर्ची. फार खोलगट आहे. तुमच्या आकाराची झालीय."

किल्लीवाले म्हणाले, "तुम्ही फार हट्टी आहात." मी म्हटलं, "तुमचा स्वभाव मात्र कुठल्याही किल्लीनं उघडतो." 

२५ सप्टेंबर, बुधवार

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. टाचणी, कुलपाचा आकडा, खुर्ची. मला वाटलं ओरडतील. त्यांनी पेन काढलं.

"किती वेळ बसलात?"

"दोन मिनिटं."

'दोन मिनिटं' असं लिहिलं, खाली रेघ ओढली. पुरेपूर गंभीर. मग म्हणाल्या, "आजी, टाचणीचंही लिहावं लागेल. तुमचं यंत्र बंद आहे असं तुम्हाला आता वाटतंय. वाटण्याचाही परिणाम होतो."

"वाटून बोटं येत असती तर मी आधीच वाटून घेतलं नसतं का?"

हसल्या. पण लिहून ठेवलं ते ठेवलंच.

३० सप्टेंबर, सोमवार

आकडा पाच. बंद यंत्रावर! यंत्राला कळवू नका.

आगगाडीनं टाचेला घट्टा पडला आहे. घट्टा दुखतो, हे मला जाणवतं. आधी जाणवलं नसतं. यांना सांगितलं तर हे दुसऱ्या टाचेखालीही आगगाडी शोधायला निघाले.

८ ऑक्टोबर, मंगळवार

अहो, आज सावकाश लिहा. आज मला सगळं नीट हवंय.

पडद्याची शिवण उसवली होती. टाचण्यांच्या डबीत हात घातला, एक उचलली. अंगठ्यानं दाबली. वाकली, एवढीशी.

माझ्याकडे दोन जातीच्या टाचण्या. पोलादी, रोजच्या. आणि पितळी, रेशमासाठी, म्हणजे गंजाचा डाग पडत नाही. दोन्हींवर चंदेरी मुलामा, दिसायला जुळ्या बहिणी. पण पितळीचं अंग मऊ, अंगठ्याखाली जराशी मान तुकवते. चाळीस वर्षांत मी कधी डोळ्यांनी बघून टाचणी निवडली नाही. दोघींच्या डब्या वेगळ्या.

पोलादीच्या डबीत पितळी.

"अहो, या डबीला कुणी हात लावला होता?"

"अगं, मागं मी आवराआवर केली ना. टाचण्याच टाचण्या, दोन डब्या कशाला? एकत्र केल्या."

मी खालीच बसले. त्या दिवशीची टाचणी अजून त्या ब्लाऊजलाच होती. काढून दाबली — तीही पितळी! पितळ काय हलणार? लोहाराचं अख्खं दुकान भरून चुंबक आणलं असतं तरी हललं नसतं. माझी बोटं धड असती तर घरातच कळलं असतं. बोटं गेली म्हणून चुकीची टाचणी नेली, आणि बोटं आली म्हणून —

थांबा.

बोटं आली.

डबी जमिनीवर ओतली. डोळे मिटले. एक एक उचलली. पोलादी इकडे, पितळी तिकडे. हे शेजारी बसून तपासत होते, लोहचुंबक म्हणून टोमॅटो हातात. पोलादीच्या ढिगातल्या सगळ्या टोमॅटोला चिकटल्या. शेवटी पितळीच्या ढिगात फिरवला. एकच चिकटली. साठातली एक चुकली.

करंगळी अजून झोपलेली आहे. पाय निम्मे. पण अंगठा आणि तर्जनी घरी आल्या.

मग मला स्टूल आठवलं.

यांना काय बोलणार? चिठ्ठी मीच पाठवली. उठले, म्हटलं निदान फ्रिज तरी पूर्ववत करू. मोज्यातली चुंबकं काढली. हातातून फुलपाखरू सटकलं, फ्रिजखाली गेलं. झाडूनं ओढलं तर त्याच्याबरोबर तीन चिठ्ठ्या बाहेर आल्या, धुळीनं माखलेल्या.

"काय लिहिलंय?"

यांनी पहिली वाचली. गॅस. दुसरी वाचली. शेजारी. तिसरी वाचायला लागले आणि थांबले.

"वाचा की."

"'मास्तर, माझ्या स्टुलाची वाट बघू नका...'"

पोचवलीच नव्हती. फ्रिजवर लावायला चुंबक नाही, म्हणून नुसती वर ठेवली. ती मागून सरकून खाली गेली. यांना पोचवल्याचं आठवत होतं, पोचवायचं राहिलं होतं. मास्तर 'काही नाही म्हणाले' — कुठून म्हणणार?

हे अगदी एवढेसे झाले. म्हणाले, "तेहतीस वर्षांत एकही पत्र चुकलं नव्हतं गं."

मी म्हटलं, "मग पहिलं तरी चांगलं निवडलंत."

आणि लिहा, अहो, हेही लिहा — मी यांच्या डोक्यावरून हात फिरवला. केस किती राहिलेत ते बोटांना बरोबर कळलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

दुकानात गेले. स्टूल खिडकीत. वर गादी. गादीवर एक जाड लोकरी कोट, काजांवाचून.

मास्तर डोकं वर न करता म्हणाले, "मशीन आलंय, तिकडच्या भिंतीला लावलंय. या कापडावर त्याचं काज बसत नाही. मावशी, दिवा लावू?"

म्हणजे उजेडाची जागा एकच होती, पण दिवा लावता येत होता. आधी सुचलं नाही वाटतं. मी गादी झटकून बसले. मास्तर आहेत, मान ठेवावा लागतो.

एक काज केलं. एक तास लागला. पाच टाके मुंगळ्यासारखे तिरपे. मास्तर मुद्दाम दुसरीकडे बघत होते, फार वाईट अभिनय करतात. उसवलं, परत केलं. दुसऱ्यांदा बरं आलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

शेवटची बैठक. आकडा तीन.

किल्लीवाल्यांना पितळेची गोष्ट सांगितली. इतके हसले की सिस्टर पाणी घेऊन आली. "किल्ल्यांत जन्म गेला माझा, आणि मी टाचणी हातात धरून बसलो, मला कळलं नाही!" मग आकडा पुढं केला. "हा पोलादी आहे. धरा आता तुमच्या उशीवर. चालू असणार, बाई. बोटं उगाच नाही आली."

मी आकडा घेतला. थोडा वेळ धरला, पण उशीपासून लांब. मग त्यांच्या खिशात टाकला.

"नको. एकदा विचारून शहाणी झाले."

त्यांच्या दुखण्याचा आकडा किती ते मी विचारलं. "येतंय, येतंय," म्हणाले. पेला दोन्ही हातांनी धरला होता.

१७ जानेवारी, शुक्रवार

पाकिटं उघडली. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. माझ्या पेटीत नुसता दिवा होता. पितळी टाचणी चुकून खरं बोलली. किल्लीवाल्यांचं यंत्र चालू होतं, पहिल्या दिवसापासून, आणि त्यांची बोटं अजून आलेली नाहीत. "दोघांवरून काही ठरत नाही आजी, अजून बरीच पाकिटं आहेत. नसा कधी आपणहून सावरतात, कधी वेळ घेतात." मी म्हटलं, "पुढच्या बाईला दोन्ही सांगा."

अहो, लेकीला कळवा, आणि चिठ्ठी फ्रिजवर नको, आत्ता फोन करा. तिला म्हणावं, सोललेले मटार एक पिशवी पाठव, किल्लीवाल्यांसाठी. सगळ्यात गोड दाणे त्यात घाल. आणि मला शेंगा पाठव. सालासकट.